तालुक्यांचा मागासलेपणा मोजायचा आहे, आराखड्यासाठी. निर्देशांक कसा काढू?

आठ-दहा निर्देशक (साक्षरता, बालमृत्युदर असे मोजायचे आकडे) पुरेत. मोजताना शाळा-दवाखाने किती आहेत यापेक्षा लोकांना काय मिळतं ते धरा; इमारत असते, डॉक्टर नसतो.

प्रत्येक निर्देशक ० ते १ मध्ये आणा: (मूल्य − किमान) ÷ (कमाल − किमान). साक्षरता ७०, किमान ५८, कमाल ९१ असेल तर १२ ÷ ३३ = ०.३६. गुण जितका कमी तितका तालुका मागास. बालमृत्युदरासारख्या 'कमी तितकं बरं' आकड्यांना सूत्र उलटं लागतं, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

साधी सरासरी टाळा. एका तालुक्यात शिक्षण ०.९ आणि पाणी ०.१ असेल तर सरासरी ०.५ येते, म्हणजे तहान झाकली जाते. गुणोत्तर मध्य (सगळ्या गुणांचा गुणाकार करून, जितके गुण तितकं मूळ; इथे ०.०९ चं वर्गमूळ) ०.३ येतो. मानव विकास निर्देशांकातही २०१० पासून तोच वापरतात. मात्र एक जरी शून्य आलं तरी सगळा गुणाकार शून्य, म्हणून किमान-कमाल मर्यादा प्रत्यक्ष आकड्यांच्या थोड्या बाहेर ठरवून कायम ठेवा. त्याशिवाय पुढच्या वर्षाशी तुलनाही होत नाही.

लहान तालुक्यात ५०० जन्मांमागे १० बालमृत्यू म्हणजे दर हजारी २०. तीनच वाढले की २६. तीन वर्षांची सरासरी घ्या.

भारांक, म्हणजे कोणत्या निर्देशकाला किती वजन द्यायचं ते, बदलून पाहा. तालुक्यांचा क्रम फार हलला तर त्या क्रमावर निधी वाटू नका. तसंही निधी कुठल्या कामाला द्यायचा हे एकूण गुण सांगत नाहीत, सुटे घटक सांगतात. आणि किती द्यायचा हे वंचित माणसांच्या संख्येवरून ठरवा.