घरी ‘ड्राय’ करू द्यायचं का?

प्रश्न: स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून आमच्या मुलीने शूटिंगचं डोक्यात घेतलंय. आता नववीत आहे, 10 मीटर एअर पिस्तूल करते. रेंज कोल्हापुरात आणि आम्ही राधानगरीकडे, रोज जाणं काही जमत नाही. सर म्हणतात घरी ड्राय कर, म्हणजे छर्रे न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. सेकंडहँड मॅच पिस्तूल (स्पर्धेचं) घेतलंय, पण सासरे म्हणतात एवढं महागाचं कशाला झिजवायचं, माळ्यावर जुनी एअरगन पडलीय तीच रिकामी ओढू दे. घरात लहान मुलगाही आहे. छर्रे न घालता खरंच काही शिकता येतं का?
– एक आई

उत्तर: ताई, आधी माळ्यावरच्या बंदुकीचं बघू. ती नळी मोडून स्प्रिंग भरायची असणार, तिच्यात छर्रा नसला की पिस्टनला अडवायला काहीच नसतं, तो धाडकन पुढे आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्हीची वाट लागते. आजोबांना सांगा, झिजेल ती त्यांचीच. शिवाय ती दोन हातांची रायफल, हिचा खेळ एका हाताचा, त्यामुळे उपयोग शून्य. मॅच पिस्तुलाला ड्रायची वेगळी सोय असते, ट्रिगर दाबला की नुसतं टक होतं, हवा सुटत नाही. तुमच्या मॉडेलला ती कशी लावायची ते सरांकडून एकदा हाताने करून घ्या, यूट्यूबवर बघून नको.

आणि हो, शिकता येतं, भरपूर येतं. रेंजवर पोरांचं लक्ष स्क्रीनवर, नऊ लागला की दहा. घरी आकडाच नाही, मग लक्ष आपोआप साईटवर, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेवर जातं. सुरुवातीला टार्गेटही लावू नका, कोरी पांढरी भिंत बास. पुढची साईट मागच्या खाचेत मधोमध, वरून सपाट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि नजर पुढच्या साईटवरच. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा (नियमाने तो सुटायला किमान 500 ग्रॅमचा दाब लागतो), टक झालं तरी हात लगेच खाली नाही, एक-दोन सेकंद तसाच धरायचा. टक होताना साईट खाली गेली तर हिने मनगट मारलं, बाजूला सरकली तर बोट तिरकं पडतंय. छर्रा असता तर हे धक्क्यात आणि गडबडीत कळलंही नसतं. आठ-दहा सेकंदांत शॉट जमला नाही तर सोडून द्यायचा, हात खाली, परत पहिल्यापासून. हे सोडून देणं मुलांना फार जड जातं बघा.

नंतर टार्गेट लावायचंच असेल तर 5 मीटरवर साधारण 3 सेंटिमीटरचा काळा गोल पुरतो, कारण 10 मीटरचा खरा काळा भाग 59.5 मिलिमीटरचा असतो.

आता धाकट्याचं, आणि इथे अजिबात लाड नकोत. छर्ऱ्यांची डबी प्रॅक्टिसच्या खोलीत असताच कामा नये, दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवा. ड्रायला हवा लागत नाही, म्हणून सिलिंडर काढून ठेवा, नळी रिकामी आहे हे मुलीने बघायचं आणि तुम्हीही बघायचं, रोज, कालच बघितलंय म्हणून सोडायचं नाही. पिस्तुलाचं तोंड कायम पक्क्या भिंतीकडे, खिडकी-दाराकडे कधीच नाही, आणि भिंतीपलीकडे कुणी झोपत असेल तर भिंत बदला. प्रॅक्टिस चालू असताना धाकटा आत आला की पिस्तूल खाली, बोट ट्रिगरच्या बाहेर, त्याला बाहेर काढेपर्यंत थांबायचं. पडदा ओढा, नाहीतर समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना फोन करेल आणि मग समजावत बसाल. पाहुण्यांना ‘दाखव की गं’ हा प्रकार पूर्ण बंद.

वेळ वीसेक मिनिटं पुरे. खांदा भरून आला की साईट डुलायला लागते आणि मग चुकीचीच सवय अंगात बसते, त्यामुळे तिथेच थांबवा, पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली तुमच्याकडे.