भांड्यांची लिस्ट मागितलीस म्हणून

अरे,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "काकू आता स्वतःच करून खाणार, सतरा पीसचा सेट बघून ठेवलाय, घेऊ का?" आधी हसू आलं आणि मग धडकीच भरली, म्हटलं आत्ताच लिहायला बसावं नाहीतर हा मुलगा ऑर्डर टाकून मोकळा होईल. तीन वर्षं माझा डबा खाल्लास, त्यातली उसळ कुठल्या पातेल्यात शिजली हे कधी विचारलं नाहीस, आता मी डब्यांचं केंद्र बंद केल्यावर विचारतोयस. असो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

तर सेट घेऊ नकोस. सतरा पीस म्हणजे त्यात झाकणंपण मोजलेली असतात, दोन डाव आणि एक झारापण मोजलेला असतो, एक स्टीमर असतो जो गणपतीत एकदा निघतो, आणि जी तुला रोज लागणार ती कढई नेमकी कागदासारखी पातळ. त्यापेक्षा गेल्या महिन्यात काय काय खाल्लंस ते लिहून काढ. मला साधारण माहितीये, वरणभात, पोहे, अंडी, एखादी भाजी, रविवारी चिकन, पोळ्या विकतच्या. मग तुला लागणार कुकर, एक कढई, एक तवा, दुधाला एक पातेलं, चहाला एक आणि फोडणीचं कढलं. बस. उरलेलं जेव्हा अडेल तेव्हा घे, अडल्याशिवाय नको.

कुकरचं आधी सांगते कारण तिथेच सगळे चुकतात. एकट्याला तीन लिटर पुरतो म्हणून दुकानदार तीन लिटरचा काढेल. पुरतो रे, पण आपण वरणभात डब्यात लावतो, आणि तीन लिटरमध्ये खाली पाणी, वर एक डबा, त्यावर दुसरा डबा असं ठेवलं की झाकण लागता लागत नाही. पाच लिटरचा घे, आणि डबे तिथल्या तिथे आत घालून झाकण लावून बघ, लाजू नकोस. हॉकिन्ससारखं आतून लागणारं झाकण असेल तर तोंड अंगापेक्षा लहान असतं, तिथे डबा अडकतो का ते आधी बघायचं. आता स्टीलचा का अ‍ॅल्युमिनियमचा, तर डबेच लावणार असशील तर अ‍ॅल्युमिनियमला फक्त पाणी लागतं, अन्न लागतच नाही, मग साधा अ‍ॅल्युमिनियमचा पुरे, आतून काळा पडेल तर पाण्यात लिंबाची साल टाकत जा. चिकन, राजमा, सांबार थेट कुकरात करणार असशील तर मात्र स्टीलचा. आयएसआयचा शिक्का बघ, कुकरला तो कायद्याने सक्तीचा आहे, त्याच्याजवळ आयएस २३४७ लिहिलेलं असतं. आत दाब चढला की पाणी १०० ला नाही, साधारण १२० अंशाला उकळतं, म्हणूनच डाळ लवकर शिजते, आणि म्हणूनच स्वस्तातला बिनशिक्क्याचा कुकर घरात आणायचा नाही. एक जादाची रिंग त्याच दिवशी घेऊन ठेव, ती नेहमी पाहुणे आलेल्या दिवशीच जाते.

अ‍ॅल्युमिनियमचं निघालंच आहे तर एक आठवतं. केंद्र नवीन होतं तेव्हा मोठं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं स्वस्त पडतं म्हणून मी घेतलं, वापरून वापरून आतून चांगलं काळपट झालेलं. एकदा आमसुलाचं सार त्यात तसंच रात्रभर राहिलं. सकाळी ओतून बघते तर सार जिथपर्यंत होतं तिथपर्यंत पातेलं लख्ख, पांढरंफेक, जशी काही रेघ मारलीये. बाई म्हणाली वा, घासायचं वाचलं. मी म्हटलं अगं पण ते निघालेलं गेलं कुठे? सारातच ना. ओतून दिलं सगळं. तेव्हापासून चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यातलं काहीही नुसत्या अ‍ॅल्युमिनियममध्ये नाही. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड वेगळं, त्याच्यावर कडक थर चढवलेला असतो, ते चालतं.

आता स्टील. माझ्यासारखी फसू नकोस म्हणून सांगते. २००९ मध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीचा डेमो झाला, टाय लावलेला मुलगा, गोड बोलणारा. त्याने आमच्यातल्याच एकीचं पातेलं मागवलं, त्यात खायच्या सोड्याचं पाणी उकळलं, शेजारी स्वतःच्या भांड्यात तेच उकळलं आणि सगळ्यांना चमचा चमचा चाखायला दिलं. आमचं कडू, तोंड वाकडं झालं सगळ्यांचं, त्याचं ठीक. "बघा, हे रोज तुमच्या मुलांच्या पोटात जातं." झालं, अर्ध्या हॉलने चेक फाडले, मी त्यातली पहिली, अठ्ठावीस हजार, हप्त्याने. पुढे माझ्या भावाने, तो केमिस्ट्री शिकवायचा, विचारलं की ताई तू रोज सोड्याचं पाणी उकळून पितेस का? सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातोच, त्याने मुद्दाम तेच पातेलं निवडलं. घरातलं साधं स्टीलचं नेलं असतंस तर ते पण पास झालं असतं. भांडी वाईट नाहीत हां, अजून वापरते, पण अठ्ठावीस हजारांची नक्कीच नाहीत. सर्जिकल स्टील, मेडिकल स्टील असलं काही ऐकलंस की पाकीट खिशात घट्ट धरायचं.

खरं बघायचं ते एवढंच, की स्टील ३०४ प्रतीचं आहे का. त्यालाच १८/८ म्हणतात, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. २०२ पण मिळतं, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त, ताटल्या-वाट्यांना ठीकच आहे, पण आंबटचिंबट शिजवायला ३०४ बरं. काही लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात, चिकटलं की म्हणे खोटं स्टील. तसं काही नाही, चुंबक २०२ ला पण चिकटत नाही, मग तुला कळणार काय? चुंबकाचा उपयोग एकच, इंडक्शनवर भांडं चालणार का ते बघायला, तेव्हा तो बुडाला चिकटलाच पाहिजे. तुझ्या फ्लॅटवर गॅस आहे का इंडक्शन ते तू लिहिलंच नाहीयेस!

पण स्टीलची खरी खोड वेगळीच आहे, ते आच पसरू देत नाही. ज्वाळा लागते तिथे तापतं आणि बाजूला थंड, म्हणून पातळ स्टीलच्या कढईत पोहे मधोमध करपतात आणि कडेचे कच्चे. अ‍ॅल्युमिनियम याच्या दहा पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून ट्रायप्लाय काढलं, आत स्टील, बाहेर स्टील आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं पान. कढईवर पैसे घालायचे ते इथे घाल, बाकी ठिकाणी वाचव. बुडालाच फक्त जाड चकती लावलेली भांडी असतात ती पातेल्याला चालतात, कढईला नको, कारण कढईत कडासुद्धा तापायला हव्यात. आणि खाली तांब्याचा रंग दिसला म्हणून भुलायचं नाही, तो बहुतेक वेळा नुसता मुलामा असतो, चकाकी ठेवायला घासत बसा फक्त.

स्टीलमध्ये चिकटतं अशी सगळ्यांची तक्रार. तू असं कर, रिकामी कढई मध्यम गॅसवर ठेव आणि बोटाने पाण्याचे दोन थेंब टाक. चर्र करून वाफ झाली तर अजून थांब. थोड्या वेळाने परत टाक, थेंब फुटणार नाही, गोळी होऊन पाऱ्यासारखा कढईभर पळत सुटेल. मग गॅस बारीक कर, तेल घाल आणि त्यात कांदा जाऊ दे, नाही चिकटणार. अंडंसुद्धा सुटतं, पण टाकल्या टाकल्या उलथनं खुपसायचं नाही, त्याचं ते सुटेपर्यंत दम धर. तुझा दम मला माहितीये, म्हणून अंड्यासाठी तुला तवाच सांगणार आहे.

तवा बिडाचा घे. दुकानात लोखंडी म्हणून दोन प्रकार दाखवतील, एक पत्र्याचा, पातळ, तो पोळी-भाकरीचा, आणि एक ओतीव, खरखरीत, जड, तो बिडाचा. डोसे, घावन, धिरडी, ऑम्लेट सगळं त्यावर. नवीन आणलास की घासून धू, लगेच गॅसवर ठेवून खडखडीत कोरडा कर, तेलाचा अगदी पुसट हात फिरव, इतका पुसट की फडक्याने परत पुसून काढल्यासारखा, आणि धूर येईपर्यंत तापव. असं चारपाच वेळा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर घासत राहा. पहिला महिनाभर त्यावर टोमॅटो नाही, आणि रात्री ओला सिंकमध्ये सोडलास तर सकाळी गंजलेला मिळेल. माझ्या सासूबाईंचा तवा होता, काळाभोर, आरशासारखा, त्यावर आंबोळी नुसती फुंकर मारली तरी सुटायची. मी नवीन नवरी, घाई फार, गरम तवा तसाच नळाखाली धरला. टण्ण! आवाज आला आणि कडेपासून मधोमध केसासारखी एक रेघ. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसून आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी घावन कढईत केले. अजून तो तवा माळ्यावर आहे, टाकवत नाही.

नॉनस्टिक वाईटच असं मी म्हणणार नाही, घ्यायचाच तर एक छोटा तवा घे. पण त्याचा थर २६० अंशाच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून तू फोन बघत बसलास तर ते काही मिनिटांत होतं. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, म्हणजे बघ. 'पीएफओए फ्री' असं ठळक लिहिलेलं असतं त्याचं फार कौतुक नको, ते रसायन हा थर बनवताना वापरायचे आणि मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत सोडलंच, जास्त तापवायचं नाही हा नियम तसाच राहतो. ग्रॅनाइट, स्टोन म्हणून ठिपक्याठिपक्यांचं मिळतं ते पण अ‍ॅल्युमिनियमवरचं कोटिंगच, आत दगड-बिगड काही नाही. पापुद्रे निघायला लागले की टाकून दे, "अजून चालेल" करू नकोस.

आजीचं पितळी पातेलं आई देतेय म्हणालास ते जरूर घे, पण आतून पिवळं दिसत असेल तर त्यात काही आंबट करू नकोस, आमटी कळकते. आधी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा थर, करून घे. कल्हईवाले दारावर यायचे बंद झालेत, पण पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथे चौकशी करू. एकदा करताना बघच, भांडं तापवून नवसागर टाकतात, भपकन पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाने असा काही हात फिरवतात की पिवळ्याचं रुपेरी होतं डोळ्यादेखत. कथील २३२ अंशालाच वितळतं, म्हणून ते भांडं रिकामं कधी गॅसवर ठेवायचं नाही.

बाकी किरकोळ. दुधाचं पातेलं दीड लिटरचं, जाड बुडाचं, दूध ओतायच्या आधी पाण्याने विसळून घेतलंस की बुडाला कमी लागतं. गेज म्हणतात त्यात आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, उलटं असतं ते. कान स्क्रूचे असले तर दर दोन महिन्यांनी पिळावे लागतात, रिव्हेटचे बरे. आणि दुकानात भांडं एका हाताने उचलून मनगट वळवून बघ, आमटी ओततोयस असं समजून. भरल्यावर ते दुप्पट जड होणार आहे.

शनिवारी सकाळी दहाला मंडईपाशी ये, तुळशीबागेतून सुरुवात करू आणि रविवार पेठेत जाऊ, तिथे साधं स्टील किलोवर मिळतं. घासाघीस मी करेन, तू मध्ये "चालेल चालेल" म्हणायचं नाही. भांड्यावर नाव घालून देतात, घालायचं असेल तर कागदावर लिहून आण, तोंडी सांगू नकोस. माझ्या वरणाच्या पातेल्यावर 'सौ.'च्या ऐवजी 'सो.' झालंय, तेवीस वर्षं मी सो. आहे. आणि पिशवी कापडी आण, कुकरच्या हँडलने प्लॅस्टिकची फाटते.

काकू