टच मॉनिटर जोडताना: दुसरी वायर विसरू नका

पंचवटीतल्या दुकानाच्या काउंटरवर टच मॉनिटर बसवताय, तर आधी वायरी मोजा. एचडीएमआय वायरीने चित्र आणि आवाज येतो, स्पर्श नाही. बोटाचा स्पर्श संगणकापर्यंत पोचवते ती यूएसबी वायर. चित्र स्वच्छ दिसतंय पण बोट चालत नाही, अशा वेळी बहुतेकदा तीच राहिलेली असते.

दोन पडदे असतील तर कधी एकावर बोट ठेवलं की बाण दुसऱ्यावर पळतो. घाबरू नका, मॉनिटर चांगलाच आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधे टॅब्लेट पीसी सेटिंग्ज उघडा, सेटअप दाबा. सूचना टच पडद्यावर दिसली तर तिथेच बोट लावा. साध्या पडद्यावर दिसली तर एंटर दाबून पुढे जा.

राइट क्लिकसाठी बोट दाबून धरा, चौकोन उमटला की उचला. नखाने टोचू नका. कपॅसिटिव्ह काचेला नख कळतच नाही, बोटाची त्वचा लागते. पावसाळ्यात ओल्या हाताने भलतीच बटणं दाबली जातात, म्हणून शेजारी कोरडं फडकं ठेवाच. आपोआप क्लिक होत असतील तर काच पुसा, मग अर्थिंग तपासून घ्या. पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. कडेतून आत उतरतं.