पहिल्याच सहलीत सगळं उरकू नका

यादीत दहा ठिकाणं असतील तर ती तीनवर आणा, हे माझं कळकळीचं सांगणं. मग प्रत्येक ठिकाणाचा बंदचा वार बघून घ्या. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी.

त्याहून महत्त्वाचा उजेड. कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून पहाटे सूर्य मंदिरामागून वर येतो आणि शिखरांच्या नुसत्या काळ्याभोर आकृती दिसतात. दगडाचा रंग बघायचा असेल तर दुपार कलल्यावर पुन्हा या, तेव्हा ऊन थेट दर्शनी बाजूवर पडतं. एकच जागा दोनदा बघण्यात वेळ वाया जात नाही हो!

जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहरात अरुंद घळीतून साधारण सव्वा किलोमीटर चालावं लागतं. शेवटी फटीतून खांबांची गुलाबी भिंत हळूहळू उलगडते. तेवढी पाच मिनिटं मोबाइल खिशातच राहू द्या.

पेरूमधलं माचू पिचू हे इंका लोकांचं जुनं शहर २,४३० मीटरवर आहे, पण वाटेतलं कुस्को शहर त्याहून उंच, सुमारे ३,४०० मीटर. दम लागतो तो तिथे. पोहोचल्याचा दिवस मोकळा ठेवा, पाणी पीत राहा आणि चढ दुसऱ्या दिवसावर टाका.