केटी लागली तेव्हा

"मॅडम, आम्ही पोराला कशाचीही झळ लागू दिली नाही. मग एका केटीनं तो इतका खचला कसा?"

वडील सातारा जिल्ह्यातले शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्वतः ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेले. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. केटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. तसा बॅग भरून घरी आला. तीन आठवडे खोलीचं दार बंद.

मुलाला मी एकट्याला भेटले. आधी सरळच विचारलं, जगणं नकोसं वाटतंय का? "नाही." उत्तर वेगळं असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी पाठवलं असतं, बाकी सगळं नंतर. मग हळूहळू बोलू लागला. "मला काहीच जमत नाही. आजवर माझा एक फॉर्मसुद्धा मी भरलेला नाही." खरंच होतं ते. सायकलची चेन पडली की बाबा गाडी घेऊन हजर. वर्गात भांडण झालं की आईचा सरांना फोन. अडचण आली आणि आपण निस्तरली, असं त्याच्या गाठीला काही नव्हतंच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘मला जमेल’ ही खात्री सर्वांत जास्त येते ती स्वतः करून पाहिल्यानं. शाबासकीनं तेवढी येत नाही.

हे ऐकून वडील दुखावले. "म्हणजे मी सोसलं तसं त्यालाही सोसायला लावायचं?"

नाही. नुसत्या हालांनी माणूस घडतो, हे मला मान्य नाही. हालांनी मोडलेली माणसंही माझ्यासमोर रोज बसतात. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यापाशी बहुधा जीव लावणारं निदान एक मोठं माणूस होतं, आणि घरात काहीतरी जबाबदारीही.

मी वडिलांना विचारलं, "तेव्हा तुमचं कोण होतं?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "होस्टेलचे रेक्टर. तापानं फणफणलो होतो, तर रात्रभर उशाशी बसले. पण परीक्षेची फी मात्र मलाच कमवायला लावली."

बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. पुढचं मला फारसं सांगावं लागलं नाही.

ठरलं एवढंच: केटीचा फॉर्म मुलानं भरायचा, घरच्यांनी रात्री एक फोन करायचा आणि नुसतं ऐकायचं. पहिल्या दिवशी तो रांगेत उभा राहिला आणि खिडकीशी गेल्यावर कळलं, फोटो विसरलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. ही गोष्ट त्यानं मला पुढच्या भेटीत दहा मिनिटं रंगवून सांगितली. वरच्या वर्गातल्या एका मुलाला गाठून त्यानं शिकवणीही सुरू केली.

निकाल लागला. चार मार्कांनी पुन्हा राहिला.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "त्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, राहिला. पेपरची फोटोकॉपी मागवलीय, बघतो कुठं चुकलं ते." थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, मी जाऊ का पुण्याला?"

"त्यानं बोलावलंय?"

"नाही. जेवायला मेसवर चाललोय म्हणाला."