हिब्रूतील ‘मारोर’ म्हणजे कोणती भाजी?

मराठी बायबलात वल्हांडणाचे (इजिप्तच्या म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचे) जेवण बेखमीर भाकरी आणि ‘कडू भाजी’ यांसह करावे, अशी आज्ञा आहे (निर्गम १२:८). या ‘कडू भाजी’चा मूळ हिब्रू शब्द कोणता आणि ती वनस्पती कोणती, असे आपण विचारले आहे.

मूळ शब्द ‘मेरोरीम’ हा आहे. त्याचे एकवचन ‘मारोर’. ‘मार’ म्हणजे कडू, आणि अरबीतील ‘मुर्र’ हा त्याचाच सगोत्र शब्द. म्हणजे या नावात वनस्पती नाही, फक्त चव आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनीही ‘प्रत्येक कडू वनस्पतीला मारोर म्हणतात’ असाच अर्थ दिला आहे. मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, मात्र मारोर म्हणून चालणाऱ्या पाच वनस्पती सांगितल्या असून त्यांतील पहिली ‘हझेरेत’, म्हणजे मिश्नेवरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदच्या मते लेट्यूस. आजच्या हिब्रूत हझेरेत म्हणजे हॉर्सरॅडिशचे झणझणीत मूळ, कारण युरोपच्या थंड भागात सणाच्या सुमारास हिरवा पाला मिळणे कठीण असल्याने तिथल्या यहुद्यांनी ते मूळ स्वीकारले.

कोवळे लेट्यूस फारसे कडू नसते, मग त्याला पहिला मान का? तालमूदचे उत्तर मला फार मोलाचे वाटते: मारोर आरंभी मऊ आणि शेवटी कठीण असते, तसेच मिसरी लोकही इस्राएलांशी आधी सौम्यपणे आणि नंतर कठोरपणे वागले. निर्गम १:१४ मध्ये मिसऱ्यांनी त्यांचे जीवन ‘कडू केले’ असे म्हणताना जे क्रियापद आले आहे, तेही याच धातूचे आहे. म्हणूनच मारोर न चावता गिळले तर विधी पूर्ण होत नाही, असा नियम आहे. बेखमीर भाकरी गिळली तर चालते, पण मारोरची चव जिभेला कळलीच पाहिजे.

महाराष्ट्रातील मराठीभाषक यहुदी असलेल्या बेने इस्राएल समाजामुळे हा विधी मराठीला परका नाही; वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली होती. तरीही ‘भाजी’ हा शब्द मला खटकतो, कारण जेवणाच्या संदर्भात भाजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फोडणी दिलेला, शिजवलेला पदार्थ येतो, आणि मिश्नेनुसार मारोर उकडलेले, शिजवलेले किंवा खारवलेले चालत नाही. त्यामुळे मी भाषांतर करताना ‘मारोर’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी ‘कच्चा कडू पाला’ असा अर्थ देईन.