'पाइपलाइन' म्हणजे नळवाहिनी का?

प्रश्न असा आहे: सर्फिंगवरच्या एका मराठी मजकुरात 'केली स्लेटरने नळवाहिनीत बाजी मारली' आणि 'द शँटेज या बँडची नळवाहिनी ही धून' अशी वाक्यं आहेत. हे चालेल का?

नाही चालणार. 'पाइपलाइन' हे हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सर्फिंगच्या एका जागेचं विशेषनाम आहे, आणि विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. गंमत अशी, की नाव पडलं ते खरोखरीच्या नळवाहिनीवरूनच! १९६१ च्या डिसेंबरात चित्रपटकार ब्रूस ब्राऊन तिथं सर्फर फिल एडवर्ड्सचं चित्रीकरण करायला थांबला, तेव्हा त्या जागेला नाव नव्हतं. शेजारच्या कामेहामेहा महामार्गालगत पाइप टाकायचं काम चालू होतं. ते पाहून सोबतच्या माइक डिफेंडर्फरने हे नाव सुचवलं. लाट नळीसारखी दिसते म्हणून नाव पडलं, ही समजूत बरीच पसरलेली आहे, पण बरोबर नाही. लाटेच्या आकारामुळे नाव टिकलं, एवढंच म्हणता येईल.

तो आकार कसा होतो, हे कळलं की मराठी शब्द निवडणं सोपं जातं. हिवाळ्यात वायव्येकडून येणारी खोल पाण्यातली लाट अचानक उथळ खडकावर चढते. तिचा तळ अडतो, माथा मात्र त्याच वेगात पुढं फेकला जातो, आणि मध्ये पोकळी राहते. सर्फर इंग्रजीत तिला 'ट्यूब' किंवा 'बॅरल' म्हणतात. हे सामान्यनाम आहे, तेव्हा इथं खुशाल 'नळी' म्हणा: 'तो नळीत शिरला', 'नळीतून सुखरूप बाहेर आला'. 'बोगदा' मला जड वाटतो. बोगदा जागचा हलत नाही, नळी मात्र सर्फरच्या मागोमाग मिटत येते.

वाक्यात वापरताना विभक्तीकडे लक्ष हवं. 'पाइपलाइनमध्ये' म्हटलं की मराठी वाचकाला मंजुरीच्या वाटेवरचा प्रकल्प आठवतो, आणि 'पाइपलाइन फुटली' म्हणजे आज नळाला पाणी नाही. म्हणून 'पाइपलाइनवर' किंवा 'पाइपलाइनला' लिहावं: 'पाइपलाइनवर लाट फुटली', 'स्लेटर २०२२ च्या फेब्रुवारीत, पन्नाशी पुरी व्हायला काही दिवस असताना, पाइपलाइनला जिंकला'. अकरा जगज्जेतेपदं मिळवलेल्या माणसाला नळवाहिनीत कोंबू नये. त्याच खडकावर सर्फरच्या उजवीकडे फुटणाऱ्या लाटेला 'बॅकडोअर' म्हणतात. तेही तसंच ठेवावं. 'मागच्या दाराने जिंकला' लिहिलंत तर वशिल्याचा वास येईल.

आता धून. शँटेजनी ती आधी वेगळ्याच नावाने बसवली होती. सर्फिंगच्या चित्रपटात ही लाट पाहिल्यावर 'पाइपलाइन' केलं. १९६३ साली ती अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. सुरुवातीला गिटारच्या जाड तारेवरून बोट सरसरत खाली येतं. बहुतेकांना त्यात कोसळणारी लाट ऐकू येते, पण धून नावाच्या आधीची आहे हे विसरू नये. त्याच वर्षीच्या, सर्फारीज या बँडच्या 'वाइप आउट' या धुनेचं 'पुसून टाका' करणं हा याहून मोठा घोटाळा. सर्फिंगमध्ये वाइप आउट म्हणजे लाटेवरून तोल जाऊन आपटणं. शीर्षक तसंच ठेवा. क्रियापद हवं असेल तर 'आपटला' पुरेसं आहे.

अशा धुनांच्या 'सर्फ संगीता'चा आवाज इंग्रजीत 'वेट' म्हणवला जातो, त्याला 'ओला' म्हणू नये. मराठीत ओला आवाज गहिवराचा. हा परिणाम स्प्रिंगच्या रिव्हर्बचा आहे: गिटारचा सूर स्प्रिंगांमधून धावतो, टोकाला आपटून परत परत येतो. हा 'प्रतिध्वनी'ही नव्हे, कारण प्रतिध्वनी मूळ आवाजापासून सुटा ऐकू येतो, आणि इथले पडसाद एकमेकांत मिसळलेले असतात. 'अनुनाद' तर भौतिकशास्त्राने रेझोनन्ससाठी आधीच घेतला आहे. 'घुमणारा आवाज' म्हणावं. रिव्हर्बच्या यंत्रावरचं 'ड्वेल'चं बटण फार फिरवलं तर स्प्रिंगांना जास्त जोर मिळतो आणि जलद वाजवलेले सूर एकमेकांत कालवले जातात. तेव्हा मात्र 'चिखल झाला' असं बेलाशक लिहा.